शब्दाची सोबत

डेव्हिड लॉज यांची ‘स्मॉल वर्ल्ड’ ही कादंबरी १९८४ साली आली. तिच्यात रोनाल्ड फ्रोबिशर नावाचा एक कादंबरीकार आहे. एका विद्यापीठातले लोक त्याची सगळी पुस्तके संगणकात भरतात आणि त्याला बोलावून सांगतात, की तुमचा सर्वांत लाडका शब्द आम्हांला सापडला आहे. तो शब्द निघतो ‘ग्रीस’. वंगण, तेलकटपणा, ओशटपणा या कुळातले शब्द त्याच्या पानापानांवर पसरलेले असतात. त्यानंतर फ्रोबिशर लिहायला बसला की वाक्यावाक्याशी अडतो. तो शब्द लिहावा, तर संगणकाला तो आधीच ठाऊक असतो. टाळावा, तर वाक्य आपले वाटत नाही. त्याचे कादंबरीलेखन तिथेच थांबते.

हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी फ्रोबिशरच्या बाजूचा होतो. यंत्राने माणसाचा घास हिरावून घेतला असेच मला वाटले. कादंबरीतले शब्द मोजायचे म्हणजे अंगणातल्या रांगोळीचे वजन करायचे, ही माझी त्या वेळची समजूत. आज ती तशी उरलेली नाही. ती का बदलली, ते सावकाश उलगडून पाहायचे आहे.

जिन्यावर पावले वाजली की घरातल्या माणसाला कोण आले ते न बघता कळते. पावलांत तसे खास काही नसते, सगळेच पायऱ्या चढतात. पण कोण कोणत्या पायरीवर क्षणभर थांबतो, कोणाची चप्पल किती घासते, हे रोज तसेच घडते आणि त्या तसेच घडण्यातून ओळख तयार होते. कादंबरीकाराची भाषाही अशीच ओळखू येते. त्याने क्वचित कुठे वापरलेला झगझगीत शब्द आपल्या लक्षात राहतो हे खरे, पण त्याची खूण त्याहून खोल, रोजच्या सवयीत असते. कोणते साधे शब्द तो किती वेळा वापरतो आणि कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसवतो, एवढेच या विषयाचे सूत्र आहे. मात्र ते नुसते ऐकून पटत नाही, कारण आपले वाचन नेमके याच सवयींवरून घसरत पुढे जात असते.

आपण कादंबरी आडवी वाचतो. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, एका प्रकरणातून दुसऱ्या प्रकरणात. पुढे काय होते याची ओढ असल्यामुळे मागचे शब्द विरत जातात आणि गोष्ट तेवढी उरते. तिसऱ्या प्रकरणात आलेला एखादा साधा शब्दसमूह तिसाव्या प्रकरणात पुन्हा आला, तर तो ओळखीचा वाटतो, पण कुठे भेटला होता ते आठवत नाही. ही काही वाचकाची चूक नाही, गोष्ट वाचायची रीतच ती आहे. पण सवय बघायची असेल तर त्याच पुस्तकाचे उभे वाचनही करावे लागते. एक शब्द घ्यायचा, तो पुस्तकात जिथे जिथे आला असेल त्या सगळ्या ओळी एकाखाली एक मांडायच्या, तो शब्द बरोबर मधल्या रकान्यात येईल अशी व्यवस्था करायची आणि मग डावीकडे-उजवीकडे कोण कोण उभे आहे ते वरून खाली पाहत जायचे. साडेतीनशे पानांवर विखुरलेली सवय अशी एका पानावर गोळा होते.

ही पद्धत संगणकाच्या फार आधीची आहे. १३व्या शतकात पॅरिसच्या डॉमिनिकन साधूंनी बायबलची पदसूची केली. इंग्रजी बायबलची पदसूची अलेक्झांडर क्रूडन यांनी एकट्याने तयार करून १७३७ साली छापली. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू झाले, आणि पुढे ग्रंथांमधून शब्द वेचून, त्यांच्या वाक्यासह, स्थळासह लिहिलेल्या चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटीपर्यंत गेली. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरातून शोधायचा, ही त्या चिठ्ठ्यांमागची श्रद्धा. संगणकाने ही श्रद्धा बदलली नाही, फक्त हाताला वेग दिला. इटलीचे जेझुइट धर्मगुरू रोबेर्तो बुसा यांनी संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांची सूची करण्यासाठी १९४९ साली आयबीएम कंपनीची मदत मागितली, तिथून हे काम यंत्राकडे गेले. अभ्यासासाठी विचारपूर्वक निवडून संगणकात ठेवलेल्या अशा मजकुराच्या साठ्याला आज कॉर्पस म्हणतात.

आता सूत्राची पहिली बाजू पाहू, साध्या शब्दांची. इंग्रजी मजकुरातले कोणतेही शंभर शब्द घ्या, त्यांत पाच ते सात जागा एकटा ‘द’ अडवून बसतो. त्याच्या मागे ‘अँड’, ‘ऑफ’, ‘टू’, ‘आय’. कादंबरीवर बोलताना या शब्दांकडे कोणी बघतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे जॉन बरोज यांनी १९८७ साली जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवर ‘कम्प्युटेशन इन्टु क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांची पहिली तक्रार हीच होती, की समोरचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा मजकूर, जणू नाहीच असे समजून आपण समीक्षा करतो. त्यांनी ऑस्टिनच्या पात्रांचे बोलणे वेगवेगळे काढले आणि त्यांत सर्वाधिक येणारे तीसेक शब्द कोणत्या प्रमाणात येतात ते तपासले. या क्षुल्लक शब्दांच्या प्रमाणावरूनही एका पात्राची वाणी दुसऱ्यापासून वेगळी काढता येते, असे त्यांना दिसले.

हे कसे शक्य होते? ज्याच्या बोलण्यात ‘आय’ वरचेवर येतो, तो स्वतःभोवती फिरतो आहे. ‘द’ आणि ‘ऑफ’ यांची दाटी झाली की समजावे, हा माणूस नामांवर नामे रचून भारदस्त वाक्ये बांधतो आहे. ‘नॉट’ आणि ‘बट’ वाढले, की कोणाशी तरी वाद चालू आहे, निदान स्वतःशी. प्रत्येक क्षुल्लक शब्द म्हणजे वाक्याच्या बांधणीतली एक खिळी असते. खिळ्या मोजल्या तरी घर कोणत्या धाटणीचे आहे याचा अंदाज येतो. आणि ऑस्टिनने हे मोजून केले नव्हते. तिने माणसे इतकी आतून ऐकली होती, की त्यांचे ‘अँड’ आणि ‘बट’सुद्धा त्यांचेच होते. बरोज यांच्या तक्त्यांनी ऑस्टिनला लहान केले नाही. तिचा कान किती तयारीचा होता, याचा पुरावा आपल्या हातात दिला.

या शब्दांचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ते लेखकाच्याही लक्षात येत नाहीत, म्हणून त्याला ते लपवता येत नाहीत. २०१३ साली रॉबर्ट गॅलब्रेथ या अपरिचित नावाने ‘द कुकूज कॉलिंग’ ही रहस्यकथा आली. ‘संडे टाइम्स’ला कुणकुण लागली, की हे नाव जे. के. रोलिंग यांनी घेतले असावे. पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातले पॅट्रिक जुओला आणि ऑक्सफर्डचे पीटर मिलिकन यांनी त्या पुस्तकाची तुलना रोलिंग आणि इतर काही लेखिकांच्या पुस्तकांशी केली. जुओला यांच्या कसोट्यांत सर्वांत जास्त येणारे शंभर शब्द होते, शब्दांच्या लांबीचे प्रमाण होते, शेजारशेजारच्या शब्दजोड्या होत्या. खूण रोलिंग यांच्याकडेच वळत राहिली आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांनी ते मान्य केले. नाव बदलता येते, विषय बदलता येतो, पण चाल बदलत नाही.

सूत्राची दुसरी बाजू सोबतीची. ती मला जास्त जिव्हाळ्याची वाटते, कारण आपल्या भाषेत तिला तयार म्हण आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. बैलांना लागते तसेच शब्दांनाही लागते. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषावैज्ञानिकांनी, ज्यांनी १९२०च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवली होती, हाच विचार पुढे मांडला, की शब्द ओळखायचा तर तो कोणाच्या संगतीत वावरतो ते पाहावे. बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांनी त्या विचारावर अख्खा शब्दकोश उभारला.

मराठीतलेच उदाहरण घेऊ. ‘ओढवणे’ या क्रियापदात वाईट असे काही नाही, ओढण्याशी त्याचे नाते आहे. पण आपल्यावर ओढवते ते काय? संकट ओढवते, आपत्ती ओढवते, मृत्यू ओढवतो, फार तर ‘प्रसंग’ ओढवतो, आणि तो प्रसंगही चांगला नाही हे आपण न सांगता समजतो. वर्षानुवर्षे अशा संगतीत राहिल्यामुळे त्या क्रियापदावर सावली पडली आहे. म्हणून कोणी ‘माझ्यावर आनंद ओढवला’ असे लिहिले, तर दोनच शक्यता उरतात. एक तर त्याला मराठी येत नाही, किंवा त्याला फार चांगली येते आणि तो काहीतरी तिरके सुचवतो आहे.

झिंबाब्वे विद्यापीठाचे बिल लोव यांनी १९९३ साली हीच गोष्ट इंग्रजीत दाखवून दिली, आणि त्यासाठी घेतलेले एक उदाहरण होते लॉज यांच्या त्याच ‘स्मॉल वर्ल्ड’मधले. कादंबरीच्या सुरुवातीला परिषदांना जाणाऱ्या प्राध्यापकांची तुलना मध्ययुगातल्या यात्रेकरूंशी केली आहे. प्रवासाची सगळी मौज भोगायची, आणि दिसायचे मात्र असे, की आपण आत्मोन्नतीसाठीच निघालो आहोत. तिथे लॉज ‘बेंट ऑन’ हा शब्दप्रयोग करतात. वाचताना हसू येते, पण नेमके कशामुळे ते सांगता येत नाही. लोव यांनी मोठ्या कॉर्पसमध्ये ‘बेंट ऑन’च्या ओळी एकाखाली एक लावल्या, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला जे शब्द आले ते बहुतेक नाशाचे, सूडाचे, हानीचे. मराठीत त्याची छटा ‘टपलेला’ या शब्दात सापडेल. कोणी लुटीवर टपतो, कोणी दुसऱ्याच्या जागेवर टपतो. आता ‘आत्मोन्नतीवर टपलेले प्राध्यापक’ असे म्हणून पाहा. शब्दाची नेहमीची संगत आणि इथली संगत यांची टक्कर झाली, आणि त्या टकरीतून उपहास उडाला. वाचकाच्या कानाला टक्कर ऐकू येतेच. उभ्या वाचनाने ती डोळ्यांनाही दिसते.

इथवर आले की तिसरी गोष्ट आपोआप पुढे येते. वेगळेपण एकट्याने ठरत नाही. एखाद्या कादंबरीत एक शब्द दोनशे वेळा आला, या आकड्यातून काहीच निघत नाही. त्या काळातल्या इतरांच्या कादंबऱ्यांत तो किती आला, हे शेजारी ठेवले तरच आकडा बोलू लागतो. मिखाएला मालबर्ग यांनी चार्ल्स डिकन्सवर जे काम केले, २०१३ सालचे त्यांचे पुस्तक आणि पुढे बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅम विद्यापीठांनी सर्वांसाठी खुले केलेले ‘क्लिक’ हे साधन, त्याचा पायाच हा आहे. एका बाजूला डिकन्सच्या १५ कादंबऱ्या, दुसऱ्या बाजूला त्याच शतकातल्या इतर लेखकांच्या २९.

मालबर्ग यांनी सुटे शब्द बाजूला ठेवून सलग पाच शब्दांचे पुंजके शोधले, जे जसेच्या तसे पुन्हा पुन्हा येतात. त्यांत जे वर आले ते पाहून आधी निराशा व्हावी. दोन्ही हात खिशात घालून. शेकोटीकडे पाठ करून. जणू काही त्याने असे केले असते. डिकन्सच्या भाषेचे रत्नभांडार उघडावे आणि आत खिसे आणि शेकोट्या निघाव्यात! पण थोडे थांबून पाहिले की यातले प्रत्येक चित्र काम करताना दिसते. इंग्लंडच्या थंडीत खोलीतली सर्वांत उबदार जागा शेकोटीपुढची. तिच्याकडे पाठ करून, सगळ्यांकडे तोंड करून उभा राहणारा पुरुष खोलीचा ताबा घेऊन उभा असतो. लेखकाला ‘तो रुबाबात होता’ असे सांगावे लागत नाही. खिशातले हात तर इतके साधे, की वाचक त्यांच्याकडे पाहतही नाही, आणि तरी माणूस समोर उभा राहतो. काही लकबी ठळक, एकाच पात्राच्या मालकीच्या असतात. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला वकील जॅगर्स आपले जाडजूड बोट चावतो, समोरच्यावर रोखतो, आणि अशिलांना वाटेला लावले की सुगंधी साबणाने हात धुतो. काही लकबी मात्र सर्वांच्या सामाईक असतात. ठळक लकब पात्र कोरते, सामाईक लकब त्याच्याभोवतीचे जग भरते. पहिली आपण मनाशी जपून ठेवतो, दुसरी कधीच आठवत नाही, आणि कॉर्पस नेमकी ती दुसरी आपल्यासमोर आणून ठेवतो.

या पुनरुक्तीला प्रकाशनाची पद्धतही पूरक होती. ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये महिन्याला एक शिलिंग किमतीच्या अंकांतून आली. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ १८६०-६१ मध्ये दर आठवड्याला. महिनाभरानंतर एखादे पात्र पुन्हा दारात उभे राहिले, तर वाचकाने ते ओळखायचे कसे? त्याच्या बोटावरून, त्याच्या खोकल्यावरून, एका ठरावीक बोलण्यावरून. आपल्याकडे कीर्तनकार दुसऱ्या दिवशी आख्यान पुढे नेताना आदल्या दिवशीची एक ओळ पुन्हा लावतो, तसेच हे.

डिकन्सची आणखी एक सवय अशीच उभ्या वाचनाने उजळते. पात्राचे बोलणे तो मध्येच तोडतो. “मी सांगतो ते,” आबा पानाचा देठ खुडत, चष्म्यावरून बघत म्हणाले, “नीट ऐक.” हे वाक्य माझे, पण घडण त्या जातीची. पाच किंवा अधिक शब्दांनी बोलणे अडवणाऱ्या अशा जागांकडे मार्क लॅम्बर्ट यांनी १९८१ सालीच लक्ष वेधले होते. ‘क्लिक’मध्ये त्या वेगळ्या काढून वाचता येतात, आणि त्या तुटलेल्या फटींत हालचालींची, नजरेची, आवाजाची वर्णने दाटलेली दिसतात. त्याचे कारण मालबर्ग यांनी सुरेख सांगितले आहे. माणूस बोलतो आणि हात हलवतो ते एकाच वेळी. कागदावर मात्र एकामागून एकच लिहिता येते. बोलण्याच्या मधोमध हालचाल घातली, की दोन्ही एकत्र घडल्याचा भास होतो. रंगभूमीचे वेड असलेल्या डिकन्सने कागदावर नट उभा केला तो या फटींमधून.

आता शंका येईल. वाचकाला जे आधीच जाणवले होते, तेच आकड्यांनी पुन्हा सांगायचे, तर एवढा खटाटोप कशाला? काही वेळा हे खरे असते. पण जाणवणे कुठे अपुरे पडले तेही याच वाटेने कळते. जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ घ्या. एफ. आर. लीव्हिस यांनी १९४८ साली तिच्या भाषेवर आक्षेप घेतला, की अगम्य, अनाकलनीय, अवर्णनीय अशा विशेषणांचा मारा करून कॉनरॅड गूढता लादतो. समीक्षक पुढेही त्या ठळक विशेषणांभोवतीच फिरत राहिले. मायकेल स्टब्ज यांनी २००५ साली तीच लघुकादंबरी संगणकाच्या साहाय्याने तपासली. त्यांना त्या विशेषणांखाली साध्या शब्दांचा एक थर सापडला. काहीतरी, कोणीतरी, कधीतरी, एक प्रकारचे, जणू, वाटले, दिसल्यासारखे. धुके विशेषणांनी आणलेले नव्हते, ते या किरकोळ शब्दांतून पानापानांवर झिरपत होते. कथा सांगणाऱ्या मार्लोला आपण काय पाहिले याची खात्री नाही, आणि त्याची भाषा क्षणोक्षणी ते कबूल करते आहे.

दुसरी शंका अधिक खोल आहे, आणि ती अमेरिकी समीक्षक स्टॅन्ली फिश यांनी १९७३ सालीच विचारली होती. आकड्यापासून अर्थापर्यंत जी उडी मारली जाते, ती कशाच्या जोरावर? अमुक रचना इतक्या वेळा आली, म्हणून लेखकाचे मन असे, हे कोणी ठरवले? ही शंका मी मनापासून मान्य करतो. ती उडी यंत्र मारत नाही, माणूसच मारतो. ‘शेकोटीकडे पाठ’ हा पुंजका यंत्राने शोधला, पण त्यात सत्ता दिसते हे कळायला त्या काळच्या घराची ऊब कुठे असायची ते माहीत असावे लागते. यंत्र बोट दाखवते, बघावे आपणच लागते. म्हणून उभे वाचन करून झाले की पुन्हा पहिल्या पानाकडे यावे आणि पुस्तक आडवे वाचावे. आता जॅगर्सचे बोट वर आले, की त्याच्या मागे त्याची सगळी आधीची बोटे दिसतात.

या कामाशी महाराष्ट्राचे एक जुने नाते आहे, आणि ते विसरले जाऊ नये. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने १९६१ सालच्या छापील मजकुरातून प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे ५०० नमुने घेऊन दहा लाख शब्दांचा कॉर्पस केला होता. त्याच धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा कॉर्पस उभा केला, १९७८ सालच्या मजकुराचा. त्यात कथा-कादंबऱ्यांचेही नमुने आहेत. जगभरचे अभ्यासक त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून ओळखतात. भारतीय माणूस इंग्रजी कशी लिहितो, हे पंचगंगेच्या काठी मोजले गेले. मराठी कादंबरीसाठी असे करायचे, तर मोजण्याची रीत मात्र आपली घडवावी लागेल. इंग्रजीत ‘ऑफ’ आणि ‘टू’ सुटे उभे असतात, आपले प्रत्यय शब्दाला बिलगलेले. घराचा, घराला, घरात हे शब्द तीन धरायचे की एक? आणि आपल्या लेखकांची खूण कदाचित ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘ना’ यांत असेल. ‘तूच सांग’ आणि ‘तू सांग ना’ यांत माणसे बदलतात.

शेवटी फ्रोबिशरकडे परत जायला हवे. त्याला नुसता आकडा सांगितला नव्हता, त्या शब्दाच्या जागाही दाखवल्या होत्या. फरशी ओशट, पावसाने भिजलेले रस्ते ओशट, आणि माणसाचे हसूही ओशट. त्याने तो आरोप समजून वाचला आणि त्याचा हात गळाठला. त्या ओळी त्याने वरून खाली, सावकाश वाचायला हव्या होत्या असे आज वाटते. फरशीवरचे वंगण रस्त्यावर गेले, रस्त्यावरून माणसाच्या ओठांवर चढले, आणि एका शब्दाच्या सोबतीने एक अख्खे गाव एकाच डागाचे झाले. हे त्याने जाणूनबुजून केले नव्हते. तो जग तसे पाहत होता म्हणून ते झाले. हसण्याला फरशीचा गुण लागला, एवढेच त्या यादीत लिहिलेले होते, आणि तीच त्याची कादंबरी होती.